उत्तर सगळ्यांना जातं

सर, तुम्ही गेल्याला इतकी वर्षं झाली, रोह्याचं तुमचं घरही विकलं गेलं, पण तुमच्या विद्यार्थ्यांच्या आपल्या मेलिंग लिस्टवर तुम्ही लिहिलेलं अक्षर न् अक्षर शाबूत आहे. जुना सर्व्हर आता बंद होतोय, म्हणून सगळे जुने मेल मी नव्या ठिकाणी हलवते आहे. अर्थात मीच. फुकटचं काम निघालं की सगळ्यांना माझी बरोब्बर आठवण येते. तसं कठीण नाही म्हणा. या कामासाठी तयार कोडची एक लायब्ररी मिळते. ती एकेक मेल उचलते, कुणी लिहिला, कधी लिहिला, कशाचं उत्तर म्हणून लिहिला ते बघते आणि जागच्या जागी लावते. कोण मोठं, कोण लहान, तिला काही कळत नाही. मला तिचं तेच आवडतं.

ही लिस्ट सुरू केली तीही मीच, पेणला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते तेव्हा, तुमच्या सांगण्यावरून. तुम्ही स्वयंपाकघरात चहा गाळताय आणि मी ओट्याला टेकून विचारतेय, सर, कुणी उत्तर दिलं तर ते लिहिणाऱ्याला एकट्याला जाऊ दे की सगळ्यांना? एकट्यालाच जाऊ दे, नाहीतर चुकून कुणाच्या घरातलं चव्हाट्यावर यायचं. तुम्ही गाळणं आपटलंत. "आपल्यात चोरून बोलायचं काय हाय गो? सगळ्यांना जाऊ दे. न् जुनं सगळं कुणालापण वाचता आलं पायजे." तुमच्यापुढे कोण बोलणार! मी तसं करून दिलं.

पुढे एका हिवाळ्यात मी कोलाडचं सासर सोडून जिते गावात आईकडे आले. नवरा हात उचलायचा. हे तुम्हाला तेवढं फोनवर सांगितलं, बापाच्या जागी मानून. लिस्टवर एवढंच लिहिलं, की यंदा तुमच्या शेतावर पोपटीला, मडक्यात भाजलेल्या शेंगा खायला, यायला जमणार नाही. तुम्ही नेमकं त्याच मेलला उत्तर दिलंत. 'नवऱ्यानं हात उचलला म्हणून कुणी घर सोडत नाही. तूही काही कमी तापट नाहीस. मुकाट्यानं परत जा.' लिहिलंत मला, गेलं सगळ्यांना. पेणला, रोह्याला, आखातात कामाला गेलेल्यांना, आणि माझ्या दिराला, कारण तोही तुमचाच विद्यार्थी. आई बाजाराला निघालेली, वाटेत कुणीतरी तो मेल ऐकवला, तशी रिकामी पिशवी घेऊन अर्ध्या वाटेवरून परत आली. "आता कंच्या तोंडानं जाऊ गो पेनला?" दिरानं तो मेल छापून समाजाच्या बैठकीत नाचवला, बघा, हिच्या मास्तरांनाच हे पटलेलं नाय. मी परत गेले नाही ते नाहीच. पण तुम्हाला फोन केला होता, आठवतं? तुम्ही म्हणालात, "गेलं ते गेलं. तुझ्या भल्याचंच लिवलं ना?" सुटलेला मेल माघारी येत नाही हे काय मला ठाऊक नव्हतं? मी मेल माघारी मागत नव्हते हो.

परवा तुमच्या वर्गातल्या त्या लाडक्या मॉनिटरचा आखातातून फोन आला. "नवीन लावतेयस तर तेवढा एक मेल काढून टाक गो. सरांचं नाव खराब व्हईल. त्यांची नातवंडं वाचतील." सरांचं नाव! इतकी वर्षं माझी अब्रू तिथे उघड्यावर पडलीय, तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला कुलपं होती. मी म्हटलं, "मेल्या, माझ्या आईनं बाजार सोडला तेव्हा कुठं होतास?" तर म्हणतो, "जाऊ दे ना आता." तुमचाच विद्यार्थी शोभतो.

काढायला कितीसा वेळ लागतो? हात शिवशिवत होतेच. पण आधी मी तुमच्या नावाचे सगळे मेल वेगळे काढले आणि त्यांत 'चुकलं' हा शब्द शोधला. वाटलं, माझ्या माघारी का होईना, कधीतरी कुणाला तरी म्हणाला असाल. सापडला एक. त्याच्या पुढच्या हिवाळ्यातला. 'काल पोपटीचं मडकं घाईनं उतरवलं. शेंगांच्या बाबतीत माझं चुकलं, सर्वांनी माफ करावं.' वालाच्या शेंगांसाठी, सर! म्हणजे म्हणता येत होतं तुम्हाला. असा संताप आला की खुर्ची ढकलून उठले. 'मुकाट्यानं परत जा'वाला तुमचा तो मेल नव्या ठिकाणी जसाच्या तसा लावून टाकलाय, तुमच्या नावानिशी. वाचू देत नातवंडांना. हे पत्र मात्र लिस्टवर टाकणार नाही, आणि तुमच्या पत्त्यावर पाठवलेलं परत येतं म्हणून तो पत्ता मीच कधीचा बंद केलाय. फक्त एक सांगते. शेंगांचा तो मेल मी माझ्याकडे वेगळा उतरवून घेतला, शेंगा पुसून तिथे माझं नाव घातलं, आणि मोठ्यानं वाचला.