बिनकाडीचा बाण

३ मे १९६१, तेरखेडा
विमानाच्या कारखान्यानं ट्रेनिंगला नकार दिला. नुकसान त्यांचंच. कॉलेजला मात्र सहा आठवड्यांच्या कामाचा दाखला हवा, नाहीतर फायनलला बसता येत नाही. खाजामियाँच्या शोभेच्या दारूच्या शेडमध्ये रुजू झालो. अर्जात 'प्रॉपेलंट वर्क्स' लिहिलंय. खोटं काय त्यात? दाखल्याचा मसुदा इंग्रजीत तयार. खाजामियाँची सही तेवढी बाकी.

४ मे
नालाचे बूट घालून आत गेलो, तर खाजामियाँनी दंड धरून बाहेर काढलं. म्हणाले, एक ठिणगी पडली तर कुनाचा जनाजा अन् कुनाची तिरडी, वळखू बी यायचं न्हाय. आता अनवाणी. फोटो काढायचा बेत रद्द.

९ मे
सहा दिवस कागदाच्या नळ्याच गुंडाळतोय! त्यांच्या बायको रजियाबी लाकडी मोगरीनं दारू ठासतात, ठोके मोजत. मी मधेच प्रेशरचं समीकरण समजावलं. मोजणी चुकली, नळी पाण्यात बुडवावी लागली. त्या म्हणाल्या, बेटा, तुमचं गणित भाईर जाऊन करा. संकल्प: उद्यापासून मौन.

१२ मे
मौन मोडलं. विज्ञानासाठी. इथं बाणाला बांबूची लांब काडी बांधतात. रॉकेटला कुठं काडी असते? पत्र्याचे पंख हवेत. शिवाय नळीतल्या दारूत मधोमध पोकळी ठेवतात. ती भरली तर दुप्पट उंची! खाजामियाँ म्हणाले, तितनंच त्यो दम घेतो, बुजवू नगा. भावनाप्रधान माणूस.

२० मे
गुपचूप माझा बाण केला: काडी नाही, पत्र्याचे पंख, पोकळी भरलेली. उद्या येरमाळ्याला बंडप्पांच्या मुलीचं लग्न, ऑर्डर आपली. पेटीत सातवा ठेवला. वर गेला की सही आपोआप होईल.

२१ मे, संध्याकाळी ७.३०
खाजामियाँ उदबत्तीनं एकेक वात पेटवताहेत. मांडवात तीनशे माणसं. चौथा गेला. पोकळी भरायला नको होती का? छे, गणित दोनदा तपासलंय. पाचवा. सांगावं? सांगितलं तर दाखला गेला. सहावा.

२२ मे
वारा होता.
बाण जागेवरच फुसफुसला, आडवा झाला आणि मांडवाकडे सुटला. खाजामियाँ ओलं पोतं घेऊन त्यावर पडले. मांडवातल्या कुणाला काही झालं नाही, वाजंत्रीही थांबली नाही. खाजामियाँचा उजवा तळहात भाजला. मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

३० मे
संकल्प: माफी मागायची. उद्या.

५ जून
आज शेडमध्ये गर्दी होती. उद्या नक्की.

१४ जून
सहा आठवडे पूर्ण. दाखला पुढे केला. खाजामियाँ म्हणाले, मराठीत वाचून दाखवा. वाचलं: स्वतंत्रपणे रॉकेटची रचना केली. त्यांनी विचारलं, त्योच बाण का? हो म्हणालो. आणि सांगून टाकलं की चौथा गेला तेव्हाच मला भीती वाटली होती, तरी गप्प बसलो. वाऱ्याचं नाव घेतलं नाही. लाज वाटली, फार वाटली.
त्यांनी कागदावर बोट टेकवलं. मग म्हणाले, फुडं ल्ह्या, त्यो वर गेला न्हाय.
लिहिलं. रजियाबींनी कागद धरला, खाजामियाँनी डाव्या हातानं सही केली. वेळ लागला. उजवा हात अजून मिटत नाही.