धड निघालेलं बनियन

९ ऑगस्ट
ती. ताईस धाकट्याचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या माती तपासायच्या प्रयोगशाळेतून सुटलेला हुकूम पाळला. दोन महिन्यांपूर्वी पुरलेली माझी दोन्ही सुती बनियनं आज उकरून काढली. पडीक कोपऱ्यातल्याच्या पार चिंध्या झाल्यात, हाताला फक्त शिवण लागली. शेतातलं मात्र जसंच्या तसं! तुझ्या भावजयीने धुऊन वाळत घातलंय, उद्या अंगात घालीन. म्हणजे आपली माती एक नंबर आहे. दर आठवड्याला औषध मारतो म्हणून तू उगाच कटकट करत होतीस. शुक्रवारी फवारणीवाला येतोय, या खेपेला मात्रा दुप्पट.

हार मान, पण लोभ कमी करू नकोस.
धाकटा

१३ ऑगस्ट
चि. धाकट्यास आशीर्वाद आणि एक टपली.

अरे दीडशहाण्या, निकाल उलटा वाचलास! जिवंत मातीतले जीव सुती कापड खातात. कोपऱ्यात तू कधी फवारत नाहीस, तिथे ते पोटभर जेवले. शेतात जेवायला कुणी उरलंच नाही. कीड मारता मारता गांडुळं मारलीस, डोळ्यांना न दिसणारेही मारलेस. आणि याला औषध म्हणतोस! माझ्या टेबलावर रोज मातीच्या पिशव्या येतात, पण हे आपलं शेत आहे रे. रडू आलं मला.

आता नीट ऐक. अर्धं शेत माझ्या नावावर आहे. शुक्रवारी त्या अर्ध्यात एक थेंब पडता कामा नये. पीक गेलं तर गेलं. लोक हसले तर हसू देत. मी माघार घेणार नाही.

लोभ आहेच, रागही तेवढाच आहे. दोन्ही ठेवून घे.
ताई

१९ ऑगस्ट
ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र वाचून डोकंच फिरलं. तुला खोटं पाडायचं म्हणून माझ्या अर्ध्यात चार ठिकाणी खणलं. एक गांडूळ मिळेल तर शपथ! ढेकूळ पाण्याच्या बादलीत टाकलं; जिवंत मातीचं पाण्यात टिकतं म्हणतात, याचा बघता बघता चिखल झाला. तुझ्या भावजयीने ते धड बनियन आणून माझ्या हातात ठेवलं.

शुक्रवारी फवारणीवाला पाठीला पंप लावून हजर, सोबत औषधाचा दुकानदार. त्याने चारचौघांत विचारलं, की पीक किडीने खाल्लं तर जबाबदार कोण. मी म्हटलं, की मी. मग म्हणाला, की बहिणीच्या नादी लागलास. म्हटलं, की लागलो. खोटं कशाला सांगू ताई, भीती वाटतेय. पानांवर अळी दिसायला लागलीये. रजा काढून ये.

फवारणीवाला शेवटी कुरकुरत म्हणाला, की ताईचं अर्धं कुठून सुरू होतं ते दाखव, तेवढं सोडतो. मी त्याला सांगितलं, की सगळंच ताईचं आहे.

लोभ असू दे.
धाकटा