फ्रीजच्या जाळीतला बोळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, धार लावणाऱ्याची विधवा, शिक्षण चौथी नापास, हा कागद स्वतःच्या हातानं लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. सुनेला शंका असल्यास तिनं विचारावं, तिच्या लग्नात कोण कोण रुसलं होतं ते क्रमानं सांगेन. अक्षर वाकडं आलंय. उद्या सकाळी माझं पोट फाडणार आहेत. पण मी घाबरलेय ती पोटाला नव्हे. कशाला, ते कलम चारमध्ये आहे. पानं उलटून कुणी आधी तिथं जाऊ नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाक्य वकिलानं घालायला लावलं. एक बाई किती वेळा मरते, असं मी त्याला विचारलं.

कलम एक. दोन खोल्या, न्हाणीघर आणि अंगण मुलाला. गळका पत्राही त्यालाच. चार वर्षं "या रविवारी करतो" म्हणतोय, आता स्वतःच्या डोक्यावर गळू दे.

कलम दोन. बँकेतली ठेव मुलगा आणि नात यांना निम्मी निम्मी. शिलाई मशीन आणि सगळी भांडी सुनेला. मोठं पातेलं देताना हात आखडतो, कारण ती ते करपवते, तरी देते. नणंदेला काही नाही.

कलम तीन. धार लावायचं चाक, पट्टा आणि सहाणा मुलाला. विकायचं तर विकावं, गंजवत ठेवू नये.

कलम चार. गाडी. गोल नाकाची, जुनी, आत झोपायची दोन बाकं, एक शेगडी आणि एक फ्रीज. हिच्यातून आम्ही नवराबायको एकतीस वर्षं बाजारोबाजार धार लावत फिरलो. ती नातीला, पण फ्रीजशिवाय.

आता नीट वाचा. हा फ्रीज विजेवर चालत नाही, गॅसवर चालतो. मागच्या अंगाला लहानशी ज्योत सतत जळते आणि तिचा धूर गाडीच्या बाहेरच्या जाळीतून निघून जातो.

नातीला लांबच्या गावी नोकरी लागलीय. खोली घेणार नाही, गाडीतच राहणार, सोमवारी निघणार. दोन महिने मोबाइलवर बघून बघून फ्रीज दुरुस्त करतेय. त्याला जेट लागतं, म्हणजे टाचणीच्या टोकाएवढं भोक असलेला पितळी तुकडा. तिनं दोनदा मागवलं, दोनदा हरवलं. दोन्ही माझ्या बटणांच्या डब्यात आहेत. कुरिअरवाल्याला तिनं ज्या शिव्या दिल्या, त्या मला पोचल्या असं समजावं.

तिसरं आलं तेव्हा मी रक्त तपासायला दवाखान्यात होते. परत येऊन बघते तर फ्रीज चालू.

"आजी, हात घालून बघ, बर्फ!"

"वा."

"वाऱ्यानं ज्योत सारखी विझत होती गं. मग जाळीवर चिकटपट्टी मारली. आता बघ, हलत नाही."

"हे कुणी शिकवलं तुला?"

"बाबांनी. म्हणाले, तूच करायचीस असं. चिंध्या कोंबायचीस."

मी गाडीच्या पायरीवरच बसले. तिला वाटलं चक्कर आली. ती पाणी आणायला गेली तेवढ्यात मी पट्टी नखांनी सोलून काढली. तिला म्हटलं, दिसायला वाईट दिसते. खरं बोलायला तोंड उघडलं नाही. म्हणून लिहिते.

होय, कोंबायची मी. आमच्या ह्यांचं इन्शुलिन त्या फ्रीजमध्ये असायचं. वाऱ्याच्या दिवसांत ज्योत विझायची, औषध गरम व्हायचं. मग मी बाहेरच्या जाळीत जुन्या स्वेटरचा बोळा घालायची आणि झोपताना काढून टाकायची, नाहीतर तो धूर आत कोंडतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. ते काढणं मुलानं कधी बघितलं नाही, कोंबणं तेवढं बघितलं.

बावीस वर्षांपूर्वी आम्ही ह्यांच्या घोरण्यावरून भांडलो आणि मी रागानं नणंदेच्या घरी झोपायला गेले. बोळा राहिला. सकाळी चहा घेऊन आले, दार उघडलं आणि कळलं. आधी मागं जाऊन बोळा काढला, मग बोंब मारली. हा क्रम आजवर कुणाला सांगितलेला नाही.

डॉक्टरांनी हृदय लिहिलं. पण नणंदेनं विचारलं, "वहिनी, हातात ते काय?" म्हणून तिच्या घरी मी परत पाऊल टाकलं नाही. ती पुढं काही विचारेल म्हणून मी गॅसच्या मेकॅनिककडं बोट दाखवलं. त्यानं महिन्यापूर्वीच फ्रीज उघडला होता. ह्यांचा दोस्त, आमच्याकडं जेवणारा माणूस. चार लोकांत मी त्याला म्हटलं, तुझ्या हातानं गेले. त्यानं गॅसचं काम सोडलं. मुलगा अजून तेच धरून बसलाय, की दुरुस्ती वाईट होती. पोरगी नीट दुरुस्त करतेय म्हणून तो निर्धास्त आहे. दुरुस्ती चांगलीच होती. औषध सकाळीही गार होतं.

तेव्हा गाडी नातीला या अटीवर, की हा फ्रीज काढून बॅटरीवर चालणारा बसवावा. माझ्या ठेवीतून घ्यावा, निम्म्या वाटणीच्या आधी.

कलम पाच. कलम चार माझ्या मरणाची वाट बघणार नाही. उद्या मी टेबलावरच गेले आणि हा कागद वकिलाच्या कपाटात सापडायला महिना लागला, तर सोमवार उलटून जाईल. म्हणून आज चार वाजता मुलगा, सून, दोन साक्षीदार सगळ्यांसमोर नातीनं हे मोठ्यानं वाचावं. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणे. साक्षीदारांतला एक तोच मेकॅनिक. त्याला मी ठेवतही नाही, त्याच्याकडून घेतलेलं आहे ते परत देतेय.

साडेचार. वाचून झालं. नात बोळ्यापाशी थांबली, पण तिनं पूर्ण वाचलं. मुलगा म्हणाला, "आई, मीच तिला सांगितलं तसं करायला." दोनदा म्हणाला. सून त्याच्या शेजारी जाऊन बसली. माझ्याकडं कुणी बघेना.

मी मेकॅनिकला म्हटलं, "बोला काहीतरी."

"बावीस वर्षं सायकलींची पंक्चरं काढतोय, वहिनी. आता काय बोलू? सही कुठं करायची ते सांगा."

नात उठून बाहेर गेली. मला वाटलं, तोंड फिरवून गेली, आता माझं काही ऐकणार नाही. मग गाडीतून पान्ह्याचा आवाज आला.  मेकॅनिक खिडकीशी गेला आणि ओरडला, "पोरी, आधी सिलिंडर बंद कर! मग नळी, मग स्क्रू! थांब, मी येतो."

तो सही करून गाडीकडं गेला. भीती होती तेवढीच आहे, फक्त आता ती पोटाची आहे. मी सही करते.

सही: (धार लावणाऱ्याची बायको)

साक्षीदार: १. शेजारची शिंपीण. २. गॅसचा मेकॅनिक. सायकलवाला असं आधी लिहिलं होतं, ते मी खोडलं आहे.

ठिकाण: स्वयंपाकघर, अंगणाकडची खिडकी.
वार बुधवार, तारीख चौदा.