झिंग्याच्या शेपटीतला शोध

२९ सप्टेंबर
आजपासून रोज आठ तास संशोधन. गाइड घाडगे सर ऑक्टोबरअखेर रिटायर होतायत. त्याआधी रिझल्ट दाखवला नाही तर माझं पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द. एक्स्टेन्शन मागितलं, तर म्हणाले, मलाच मिळालं नाही, तुम्हाला कुठून देऊ?

विषय सोपा आहे. मायक्रोस्पोरिडिया: झिंग्याच्या मांसात राहणारा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा परजीवी. मला तो मायक्रोस्कोपमधूनही अजून दिसलेला नाही, पण त्यात दोष झिंग्यांचा. फारच तब्येतीत आहेत.

सुट्टीपुरता कॉलेजचा मायक्रोस्कोप घरी आणलाय. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही, म्हणून लॅब गच्चीवर. टाकीत उजनी धरणातले झिंगे. बायकोनं, श्रीदेवीनं विचारलं, बादली कुठली घेतली. मी विषय बदलला.

३० सप्टेंबर
आठ तास जमले नाहीत. ऊन.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
श्रीदेवीनं मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा केली. मायक्रोस्कोपलाही विभूतीचे तीन पट्टे ओढायचे म्हणाली. त्याचं कपाळ कुठं, असं विचारलं. मी वरचं डोळा लावायचं भिंग दाखवलं. नंतर फुंकर मारून साफ केलं. हायजीनमध्ये मी तडजोड करत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
दिसला!!! शेपटीचं मांस काचेवर पसरलं आणि बघतो तर परजीवीचे बीजाणूच बीजाणू. करडे, जरा धूसर. सोनं वाटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितलं. एकानं विचारलं, औषध काय घेताय?

४ ऑक्टोबर
ही नवीन जात आहे. पुरावा: स्लाइड सरकवली तरी बीजाणू जागचे हलत नाहीत. इतका चिवट परजीवी जगात नसेल. वरचं भिंग फिरवलं तर मात्र सगळे मिळून गोल फिरतात. चक्क नाचतात. मीही गच्चीवर थोडा नाचलो. समोरच्या बाईंनी खिडकी लावून घेतली.

७ ऑक्टोबर
नावाचा प्रश्न. माझं, प्रभुलिंग हे नाव मीच देणं बरं दिसत नाही. श्रीदेवीचं द्यावं म्हटलं. तिला वाटलं होतं फुलाला देतोय. नीट समजावून सांगितल्यावर म्हणाली, "मी काय किडा हाय व्हय? तुमच्या आत्याचं द्या की."

८ ऑक्टोबर
खळबळ. कोऱ्या काचेवरही तेच बीजाणू! झिंगा नाही, पाण्याचा थेंब नाही. म्हणजे हा हवेतून पसरतो. जगातल्या सगळ्या झिंग्यांना धोका. आनंदानं जेवण गेलं नाही.

१२ ऑक्टोबर
सरांना फोन. कोऱ्या काचेचं सांगितलं, तर त्यांनी तेच मला तीनदा सांगायला लावलं. भारावले असावेत. पुढच्या रविवारी स्वतः बघायला येतो म्हणाले. कुर्डुवाडीच्या मेव्हण्याला कळवलं. तो सत्काराची चादर घेऊन येतोय. भाषणाची दोन पानं लिहिली. विनम्र भाग शेवटी टाकलाय, वेळ उरला तर.

१९ ऑक्टोबर, दुपार
सर आले. डोळा लावला. स्लाइड काढली, पुन्हा बघितलं. मग खिशातून रुमाल काढून भिंग पुसलं आणि रुमाल माझ्यासमोर धरला.

"पूजा केली होती का?"

श्रीदेवी लगेच म्हणाली, व्हय, तीन पट्टे, ह्यांनीच जागा दाखवली. मेव्हणा चादरीची पुन्हा घडी घालू लागला.

मला रडू येत होतं, पण भाषणाचे कागद हातात असताना बरं दिसलं नसतं. सरांना म्हटलं, अजून टाकीतले झिंगे तपासायचे राहिलेत, एखाद्यात निघेल. त्यांनी खरंच तासभर बसून एकेक तपासला. एकातही काही नाही. सगळे ठणठणीत.

"प्रभुलिंग," ते म्हणाले, "तुमच्या हातनं पीएचडी होणार नाही. सोडून द्या आता."

माझा जीव एवढासा झाला. सर टाकीत बघत उभे राहिले. वाटलं, मन बदलतंय. जाताना त्यांनी एक डबा मागितला.

२० ऑक्टोबर
सकाळीच सरांचा फोन. म्हणाले, इतक्या वर्षांत तुमचं एक काम मात्र फर्स्ट क्लास झालं. झिंगे काय वाढवलेत हो, घरातल्या सगळ्यांनी बोटं चाटली. त्यांच्या निरोप समारंभाच्या जेवणासाठी दोन किलो मिळतील का?

हो म्हणालो.