वडिलांचा ठिपका

लिस्बन, मार्च १३८४

चि. लोपुस अनेक आशीर्वाद.

सांतारेंच्या टांकसाळीतले नवे नाणे हाती आले. कास्तीलच्या राजाचे नाव वाचण्यापूर्वीच ठसा तुझा हे ओळखले. क्रॉसाखाली वडिलांचा ठिपका आहे, आणि तुझे अक्षर अजून पिऊन आल्यासारखे कलते.

आपला राजा मुलगा नसताना गेला, त्याच्या जावयाने, कास्तीलच्या राजाने, गादीवर हक्क सांगितला, यात तुझा दोष नाही. परंतु इथे कास्तीलविरुद्ध उभ्या राहिलेल्या आव्हिसच्या मास्टरांची नाणी पडतात ती माझ्या ठशांवरून, आणि त्यांवरही तोच ठिपका आहे. अंमलदाराने दोन्ही शेजारी ठेवली, तर शत्रूला ठसे मीच पुरवतो असे ठरेल. त्याला शिक्षा एकच. तेव्हा ठिपका सोड.

तुझी बायको मेसिया, तिला जप. माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा दादा, गोंसालु

सांतारें, एप्रिल १३८४

ती. दादांस शिरसाष्टांग नमस्कार.

ईस्टरपासून ठिपका सोडला आहे. तो विसरलो म्हणून वडिलांनी मुस्काटात दिली होती आणि तुम्ही हसला होता, आता हसा. इथून निघणे अशक्य. मेसियाचे दिवस भरत आले. इथला सरदार म्हणतो, जायचे तर जा, पण बोटे आमची, बाकीचा लोपु घरी नेऊन ठेव.

वहिनींस नमस्कार. आशीर्वाद असू द्यावा.

आपला, लोपु

लिस्बन, ऑगस्ट १३८४

लोपुभावजींस अल्दोंसाचा नमस्कार.

कास्तीलच्या वेढ्यात भाकरी उरलेली नाही. हे पत्र एका साधूबरोबर जात आहे.

तुमचे उत्तर येईना, तेव्हा ह्यांनीही ईस्टरला आपला ठिपका सोडला. पकडलेल्या शत्रूच्या शिपायांकडची नाणी अंमलदाराने आपल्या नाण्यांशेजारी मांडली, जुनी आणि नवी. दोन भावांना बापाची खूण मिळते, हे त्याने मान्य केले. मग म्हणाला, पण ती दोघांनी एकाच सणाला सोडली, हे एकमेकांना पत्रे लिहिल्याशिवाय होत नाही. ह्यांना खोटे बोलता आले नाही. शुक्रवारी फाशी दिले.

मास्टरांचे पहिले रुप्याचे नाणे गळ्यात बांधले की दुखणे जाते, असे इथे मानतात. शेजारणीने माझ्या गळ्यात एक बांधले. त्यावर ठिपका आहे. दुखणे आहे तसेच आहे.

मुलगा झाला असल्यास त्याला सुतारकाम शिकवा. लोभ मनात ठेवा. पत्र धाडू नका.

अल्दोंसा