साडेसात अंशांचा सूड

३ नोव्हें., सोम.
या घरात शास्त्राला स्थान नाही, याची आज रीतसर नोंद. शोधक-दुर्बिणीसाठी आतून काळी रंगवलेली पाइपाची नळी सौ.ने उदबत्त्या ठेवायला घेतली. "काळीच हाय, मळ दिसत न्हाई." तर्क निर्दोष. म्हणून जास्त राग.

४ नोव्हें.
राग खरा गिरीवर. विज्ञानाचा मास्तर. गेल्या महिन्यात शाळेच्या गच्चीवर मोठ्या दुर्बिणीतून देवयानी दीर्घिका दाखवणार होतो. वीस मिनिटं सापडेना. सगळ्या पालकांपुढे हा म्हणतो, "पंडितजी, देवयानी पळाली काय हो कोणासंगं?" पालक हसले. हेडसर तर डोळे पुसून हसले.
क्षमा वीरांना शोभते, असं संस्कृतच्या वर्गात मीच शिकवतो. पण मी वीर नाही.
पुढचा कार्यक्रम १५ला. तोवर मोठ्या दुर्बिणीवर बसवायला रुंद नजरेचा शोधक हवा.

६ नोव्हें.
हिंगोली. रहीमभाईंच्या चष्म्याच्या दुकानातून जुन्या द्विनेत्रीची पुढची काच. व्यास ५० मि.मी. समोरच्या हळदीच्या पोत्यांचं उलटं चित्र कागदावर पाडून नाभीय अंतर मोजलं: २०० मि.मी. डोळ्याकडे माझं ३२चं भिंग. सव्वासहा पट. क्षेत्र साडेसात अंश, म्हणजे ओळीनं पंधरा चंद्र. एवढ्यातून देवयानी सुटत नाही. गिरीही नाही.

९ नोव्हें., रवि.
दिवसा गच्चीवरून चाचणी. पाण्याची टाकी उलटी पण रेखीव. उलटं चालेल, गिरी उलटा बघायला आवडेल.
फक्त डाव्या कडेला अंधार. नळीच्या आत बसवलेली कडी आड येत असणार. कानशीनं घासली. अंधार तसाच.

११ नोव्हें.
कडी काढूनच टाकली. नळी बदलली, तीन इंची घेतली. अंधार जागचा हलेना. गिरीनं करणी केली असावी. विज्ञान शिकवतो, काहीही करेल.

१३ नोव्हें.
शोधक घेऊन रहीमभाईंकडे. त्यांनी सावकाश बघितलं. "काहून परेशान होऊन राहिले सर? चारी बाजूनं बराबर साफ हाय."
मी बघितलं. अंधार.
"नळी फिरवून बघा."
अर्धा फेरा फिरवली. दोष नळीत असता तर अंधार उजवीकडे गेला असता. डावीकडेच राहिला. मग उजवा डोळा मिटून डाव्यानं बघितलं. गोल पूर्ण.
रहीमभाईंनी चहा मागवला. मग म्हणाले, "नांदेडला डोळे दाखवा सर. टाळू नका."

१४ नोव्हें.
शोधक पक्का बसला. उद्या गिरीला सगळ्यांपुढे बोलावून बघायला लावणार, त्यात बदल नाही. म्हणायचं वाक्यही पाठ.
नांदेडची वेळ सोमवारची. सौ.ला सांगितलं, पुस्तकं आणायला जातो.
वडिलांची, अण्णांची, नजर अशीच कडेकडेनं गेली होती. शेवटी मला ते आवाजावरून ओळखत. उजवा डोळा जाईल, याची भीती वाटते. त्याहून जास्त डाव्याची.