कागदाच्या कोपऱ्यावरचं नाव

तैनान, २६ मार्च
दुपारी दीड वाजता

प्रिय दादा,

तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकला असशील. म्हणून आधीच सांगते, घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण बाबांपेक्षा कमीच. तोंगकांगला बोटींच्या कामावर तुझं बरं चाललंय, असं मावशीकडून कळतं. सकाळच्या माशाच्या पेजेत अजूनही मूठभर आलं घालतोस का?

दुकान चालू आहे. पाट्या, दागिन्यांच्या शोकेस, दिव्यांच्या पेट्या. गिऱ्हाईक फोनवर फोटो दाखवतं आणि म्हणतं, "अस्संच चमकलं पाहिजे." मग मी बाबांचं पाठांतर म्हणते. उजेड एकसारखा हवा, आतले दिवे ठिपक्यांसारखे दिसायला नकोत, तर प्लॅस्टिकच्या शीटांपैकी दुधी अ‍ॅक्रिलिक घ्या. मार बसणार असेल तर पॉलिकार्बोनेट. पहिलं देखणं पण तडकणारं, दुसरं चिवट पण नखानेही ओरखडा धरणारं. यावर तू म्हणायचास, "म्हणजे एक तू आणि एक मी." कोण कोणतं, ते मात्र कधी सांगितलं नाहीस.

खरी बातमी अशी, की मात्सू देवीच्या देवळाने मिरवणुकीसाठी पुन्हा आपल्याकडे दिव्याची पेटी मागितली आहे. त्या अपघातानंतर पहिल्यांदाच. बाबा खूश झाले आणि आज सकाळी दुकानामागची शीटांची सगळी थप्पी उपसायला बसले. मी म्हटलं, "राहू द्या, मी करते." त्यांनी ऐकलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, मी तिथेच घुटमळत राहिले.

थप्पीच्या तळाशी ती शीट निघाली.

एका बाजूचा ओरखड्यांपासून जपणारा कागद सोललेला, मधोमध हातभर लांब ओरखडा. दुसऱ्या बाजूच्या कागदावर तुझं तिरपं अक्षर: 'देऊळ, मिरवणुकीची पेटी'. बाबांनी कोपऱ्यातून बोटभर तुकडा कापला आणि लायटर लावला. काळा धूर आला आणि लायटर बाजूला करताच ज्योत आपोआप विझली. पॉलिकार्बोनेट. मला बघायची गरजच नव्हती.

"ही इथे कशी?" त्यांनी विचारलं.

"मला काय माहीत!"

त्यांनी लायटर खिशात टाकला. मग म्हणाले, "चार वाजता देवळाची मंडळी बसणार आहेत. तिथे मला काहीतरी सांगावं लागेल. त्याआधी आठवलं तर सांग." आणि न जेवता वर गेले. आता दीड वाजलाय, शटर अर्धं खाली आहे आणि मी तुला पेजेतलं आलं विचारत बसलेय.

सांगते. त्या वर्षी बाबांनी मला पहिल्यांदा कापणीच्या टेबलावर उभं केलं होतं. आठ वर्षं मी नुसती गल्ल्यावर बसून फोन घेत होते. तू शीट निवडलीस, मापं लिहिलीस, आपल्या दुकानाच्या रिवाजाप्रमाणे वरच्या कागदाचा कोपरा फाडून त्यावर आपलं नाव लिहिलंस आणि भिंतीवरच्या खिळ्याला टोचलंस. निवडेल तो नाव लावेल, काम वर्षभर टिकेपर्यंत ते तिथेच राहील. अक्षरं चिकटवायचं काम माझं होतं. मी टेबल न पुसता शीट ओढली. खाली करवतीची कच होती. दिवा धरून पाहिलं तर देवीचं नाव यायचं तिथूनच तो ओरखडा विजेसारखा चमकला.

बाबा काय म्हणाले असते ते तुला ठाऊक आहे. "जा, फोन घे." मला ते सहन झालं नसतं. त्या मापाची दुसरी पॉलिकार्बोनेट नव्हती, दुधी अ‍ॅक्रिलिक होती. दिसायला उलट जास्तच सुंदर. मी ती बसवली. खिळ्यावरचा तुझा कोपरा तसाच राहू दिला.

मिरवणुकीत फटाक्यांची माळ पेटीखाली फुटली आणि शीटचे तुकडे झाले. एक तुकडा झांजवाल्या थ्येनलाय काकांच्या उजव्या मनगटात खोल घुसला. बाबांनी त्यातलाच एक मंडळींसमोर पेटवला. स्वच्छ ज्योत, फळासारखा गोड वास. अ‍ॅक्रिलिक. खिळ्यावर नाव तुझं. तू एवढंच म्हणालास, "मी ही निवडली नव्हती." बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "चूक केलीस ती केलीस, वर खोटं बोलतोस?" तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस, दादा. फक्त एकदा. मी खाली पाहिलं.

काका अजून चहाला येतात. दोन बोटं मिटत नाहीत, कप डाव्या हाताने धरतात. "आता ठेका चुकला तरी कुणी बोलत नाही," म्हणून हसतात आणि मीही हसते. मला माझीच किळस येते.

तीन वाजून दहा मिनिटं

वर जाऊन आले. सांगितलं. बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. एकच प्रश्न विचारला, "त्याला कळलं होतं?"

मी म्हटलं, "हो. तुम्ही तुकडा पेटवलात तेव्हाच."

ते आपला गुडघा चोळू लागले. मग म्हणाले, "आणि मी त्याला खोटारडा म्हणालो." थोड्या वेळाने चपला शोधायला लागले. "मंडळींना मी सांगतो. तू पोर आहेस."

मी म्हटलं, "मी चौतीस वर्षांची आहे. तुमच्या टेबलावर उभी राहते. मीच सांगणार."

तर चार वाजता जातेय. त्याच बाकांसमोर, जिथे तू उभा होतास. काकाही असतील. त्यानंतर मला टेबल मिळेल की फोन, ते बाबांनी अजून सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. पत्र वाटेत टपालपेटीत टाकेन, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. बाबांना आहे, पण त्यांना शब्द सापडत नाहीयेत; ते खाली येऊन त्या शीटवरचं तुझं अक्षर पुसट होऊ नये म्हणून वरून चिकटपट्टी लावतायत. तुझं नाव मी खिळ्यावरून काढलं आहे. तिथे जे टोचलं आहे, तेच इथे लिहून पत्र संपवते.

काम: मात्सू देऊळ, मिरवणुकीची पेटी, तीन वर्षांपूर्वीची.
शीट: दुधी अ‍ॅक्रिलिक.
निवडणारी: पेइजुन, तुझी बहीण.